खोक्यावरची अक्षरे कोणासाठी?

एस.टी. स्थानकाबाहेरची टपरी, लोकलचा डबा किंवा आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेला माल, यांपैकी कोठेही गेले तरी मोबाईलचा चार्जर आज शे-दीडशे रुपयांना सहज मिळतो. २०२० नंतर काही मोठ्या कंपन्यांनी नव्या फोनच्या खोक्यात चार्जर देणेच बंद केले, तेव्हापासून तो निराळा विकत घेण्याची पाळी अनेकांवर आली आहे. गिऱ्हाईक किंमत विचारते, पीन फोनमध्ये बसते की नाही ते पाहते आणि पैसे मोजून चालू लागते. खोक्याच्या मागील बाजूस मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत काय छापले आहे, हे वाचण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आणि समजा आलेच, तरी ती अक्षरे इंग्रजीत असतात, त्यांत आकडे असतात, चौकोन असतात, फुली मारलेली कचराकुंडी असते. यातील कशाचा काय अर्थ, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हाच चार्जर रात्रभर उशाशी भिंतीत खोचलेला राहतो. त्याच्या एका अंगास २३० व्होल्टचा घरगुती प्रवाह असतो आणि दुसऱ्या अंगास फोन. तो फोन पुष्कळदा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या हातात असतो. या दोन प्रवाहांना परस्परांपासून दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे डबीच्या आतील काही मिलिमीटरांचे अंतर आणि थोडेसे विद्युतरोधक वेष्टन. ते अंतर कारखानदाराने राखले आहे की पैसा वाचविण्यासाठी कमी केले आहे, हे बाहेरून कळण्याचा कोणताही उपाय ग्राहकाकडे नाही. भाजी हाताळून घेता येते, कापड बोटांत चुरगाळून पाहता येते. चार्जर उघडून पाहता येत नाही. म्हणूनच त्याच्यावरील मजकुराला महत्त्व आहे. ग्राहकाच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी तो तपासला आहे, एवढेच तो मजकूर सांगत असतो. ज्याच्या वतीने ही तपासणी झाली त्यालाच तो मजकूर वाचता येत नसेल, तर सरकारने केलेल्या सगळ्या नियमांचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

नियम नाहीत अशी तक्रार मात्र कोणालाही करता येणार नाही. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. पुढे विजेची इस्त्री, शेगडी, पाण्यात बुडवून ठेवायचा हीटर अशा वस्तू घेताना ‘आयएसआय आहे ना?’ एवढा प्रश्न विचारण्याची सवय मध्यमवर्गीय घरांना लागली. त्या तीन अक्षरांचा पूर्ण विस्तार फार थोड्यांना सांगता आला असता. पण त्यांच्यामागे सरकार उभे आहे हे सर्वांना समजत होते. १९८६ च्या कायद्याने या संस्थेच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला आणि २०१६ साली संमत झालेल्या नव्या कायद्याने त्याचे अधिकार आणखी वाढविले. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत खरा बदल घडला तो २०१२ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. आरंभी त्यात लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, मायक्रोवेव्ह ओव्हन, प्रिंटर इत्यादी पंधरा प्रकारच्या वस्तू होत्या. २०१४ साली मोबाईल फोन, पॉवर अडॅप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांची त्यात भर पडली. पुढे ही यादी वाढत वाढत साठांच्या पुढे गेली. यादीतील वस्तू नोंदणीवाचून तयार करणे, आयात करणे, साठविणे किंवा विकणे, या सर्वच गोष्टी बेकायदेशीर ठरल्या. २०१६ च्या कायद्यात पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा, अशी तरतूद करण्यात आली.

या नोंदणीची खूण म्हणजे वस्तूवर छापलेला एक क्रमांक. इंग्रजी ‘आर’ हे अक्षर, मग एक आडवी रेघ आणि पुढे आठ आकडे. त्याच्या जोडीला ब्यूरोचे चिन्ह व ज्या भारतीय मानकानुसार चाचणी झाली त्याचा क्रमांक. हा नोंदणी क्रमांक संपूर्ण कंपनीला सरसकट मिळत नाही; तो विशिष्ट कारखान्याला, विशिष्ट प्रकारच्या वस्तूसाठी व विशिष्ट व्यापारी नावासाठी मिळतो. एकाच कंपनीचे दोन कारखाने असतील तर दोघांना निरनिराळी नोंदणी करावी लागते. म्हणजेच हा क्रमांक नीट वाचता आला, तर वस्तू कोठल्या कारखान्यात जन्माला आली येथपर्यंत ग्राहकाला पोहोचता येते. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घातला असता उत्पादकाचे नाव व नोंदणीची स्थिती समोर येते. इतकी चांगली सोय आपल्याकडे आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

परंतु येथे एक महत्त्वाचा भेद समजून घेतला पाहिजे. कारण तो सामान्य ग्राहकाला कोणी कधी समजावून सांगितलेला नाही. आयएसआय चिन्हाचा परवाना देण्यापूर्वी ब्यूरोचे अधिकारी कारखान्याची पाहणी करतात, तेथील चाचण्यांची व्यवस्था तपासतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीची पद्धत निराळी आहे. उत्पादकाने आपल्या वस्तूचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावयाचा, तेथून चाचणीचा अहवाल मिळवावयाचा आणि आपला माल मानकानुसार असल्याचे स्वतः घोषित करावयाचे. त्या आधारावर नोंदणी मिळते. कारखान्याची पूर्वतपासणी ही या पद्धतीत नोंदणीची अट नाही. या वस्तूंचे नमुने इतक्या झपाट्याने बदलतात की प्रत्येक वेळी कारखान्यावर जाऊन पाहणी करीत बसले, तर नवी वस्तू बाजारात येईपर्यंत जुनी होईल. त्यामुळे ही पद्धत स्वीकारण्यात आली असेल तर तिला दोष देता येत नाही. मात्र तिचा अर्थ उघड आहे: क्रमांक साक्ष देतो ती प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्याची. दहा हजारावा चार्जर त्या नमुन्यासारखाच निघाला की नाही, हे बाजारातून माल उचलून पुन्हा तपासल्याखेरीज कळत नाही. असे नमुने उचलण्याची तरतूद नियमांत आहे. या योजनेची सारी विश्वासार्हता त्या तरतुदीच्या अंमलबजावणीवर अवलंबून आहे.

प्रयोगशाळेत होणारी चाचणी वरवरची असते असे मात्र कोणी समजू नये. आत येणारा घरगुती प्रवाह आणि बाहेर जाणारा कमी दाबाचा प्रवाह यांच्यामधील अडसर किती दाब सोसतो हे मोजले जाते. वस्तू किती तापते, तिच्या प्लॅस्टिकला आग लागली तर ती विझते की पसरते, हेही पाहिले जाते. अडॅप्टर, लॅपटॉप यांसारख्या वस्तूंची परीक्षा अनेक वर्षे ज्या मानकानुसार होत आली, त्यात खुद्द छापील मजकुराचीही परीक्षा आहे. पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पंधरा सेकंद आणि पेट्रोलियम द्रवात भिजविलेल्या फडक्याने आणखी पंधरा सेकंद तो मजकूर घासावयाचा. इतके करूनही अक्षरे वाचता आली पाहिजेत. मानक लिहिणाऱ्यांनी शाईच्या टिकाऊपणाची एवढी काळजी वाहिली. ती अक्षरे ज्याच्यासाठी छापली, त्याला त्या भाषेचा व त्या चिन्हांचा बोध होतो काय, याची मात्र कोणी परीक्षा घेत नाही. पेट्रोलने न पुसली जाणारी अक्षरे अज्ञानाने सहज पुसली जातात.

आता खोक्याकडे वळू. वेष्टनबंद मालासंबंधीचे वैध मापन नियम १ एप्रिल २०११ पासून देशभर लागू आहेत. उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, नगांची संख्या, महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी व पत्ता, एवढी माहिती वेष्टनावर असलीच पाहिजे. आयात माल असेल तर तो कोणत्या देशात तयार झाला हेही लिहिले पाहिजे. अक्षरांची उंची किती मिलिमीटर असावी, याचेही मोजमाप नियमांत दिलेले आहे. भाषेबद्दल मात्र नियम असे सांगतात की ही माहिती देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावी. आणखी एखादी भाषा वापरावयाची झाल्यास आडकाठी नाही. आडकाठी नाही याचा व्यवहारातील अर्थ गरजही नाही, असा होतो. आणि जेथे गरज नाही तेथे एका ओळीचीही शाई खर्च करावयास व्यापारी तयार नसतो. परिणामी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या लक्षावधी खोक्यांवर मराठीचा एक शब्दही आढळत नाही.

या संदर्भात दोन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते. पहिली अशी की, २०१६ साली केंद्र सरकारने मोबाईल फोनसाठी एक मानक सक्तीचे केले. त्यानुसार फोनमध्ये इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिण्याची आणि सर्व २२ अधिकृत भाषांतील मजकूर वाचण्याची सोय असली पाहिजे. हा निर्णय दूरदृष्टीचा होता. त्यामुळे फोन मराठी शिकला. परंतु ज्या खोक्यातून तो फोन बाहेर येतो ते खोके अद्याप मराठी शिकलेले नाही. दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्याची. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी नामफलक बंधनकारक झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. फलक मराठी झाला हे योग्यच झाले. पण फलक वाचून ग्राहक दुकानात शिरतो आणि आतील खोके हातात घेतो तेव्हा तो निरक्षर ठरतो. फलकावरील मराठी अस्मितेचा प्रश्न होता, तर खोक्यावरील मराठी हा जिवाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पहिल्यासाठी एवढा आग्रह धरणारे आपण दुसऱ्याविषयी गप्प का आहोत?

अज्ञानाचा फायदा कसा घेतला जातो याचे एकच उदाहरण पुरे. पुष्कळ चार्जरांवर ‘सी’ व ‘ई’ ही इंग्रजी अक्षरे ठळकपणे छापलेली असतात आणि विकणारा ती दाखवून माल अस्सल असल्याचे सांगतो. ही खूण युरोपातील कायद्याची आहे. आपला माल तेथील आवश्यक अटींत बसतो असे उत्पादक तिच्याद्वारे जाहीर करतो. बहुसंख्य साध्या वस्तूंच्या बाबतीत ती खूण कोणी तिसऱ्याने तपासून दिलेली नसते. भारतात विक्रीसाठी तिला कायद्याने काहीही किंमत नाही. येथे भारतीय नोंदणीचा क्रमांकच लागतो. तीच कथा इतर चिन्हांची. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी विद्युतरोधन. अशा वस्तूला अर्थिंगची तिसरी पीन लागत नाही. घराचे लहानसे चित्र म्हणजे वस्तू केवळ घरात, ओल व पाऊस यांपासून दूर वापरावी. फुली मारलेली कचराकुंडी म्हणजे वस्तू निकामी झाल्यावर ती घरच्या कचऱ्यात टाकू नये. तिच्यातील शिसे, कॅडमियम यांसारखी द्रव्ये मातीत जाऊ नयेत म्हणून ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. वास्तविक ही चित्रे भाषेची अडचण टाळण्यासाठी निर्माण झाली. पण त्यांचा अर्थ कोणी कधी शिकवलाच नाही, तर चित्र हीदेखील एक परकी भाषाच ठरते.

ऑनलाइन खरेदीने या प्रश्नाला नवे रूप दिले आहे. तेथे खोके हातातच येत नाही. चित्र पाहून पैसे द्यावयाचे असतात. १ जानेवारी २०१८ पासून अशा विक्रीस्थळांवरही वेष्टनावरची बहुतेक माहिती पडद्यावर दाखविणे सक्तीचे झाले. तथापि सक्ती आणि पालन यांत अंतर असते. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोच्या पथकांनी मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या गोदामांवर छापे घातले, तेव्हा प्रमाणचिन्हाची सक्ती असूनही चिन्ह नसलेली विजेची उपकरणे तेथे हजारोंच्या संख्येने सापडली. मोठ्या नावाच्या छत्राखाली विकला जाणारा माल आपोआप प्रमाणित असतो, ही समजूत किती भाबडी आहे हे त्यावरून दिसून आले.

या सर्व नियमांविषयी उद्योजकांची, विशेषतः लहान उद्योजकांची, तक्रार आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. चाचणीचा खर्च, प्रत्येक वस्तूची वेगळी नोंदणी, नूतनीकरण, निरनिराळ्या खात्यांची निरनिराळी चिन्हे, यांचा भार मोठ्या कंपनीला जाणवत नाही. पाच-दहा कामगारांच्या कारखान्याचे मात्र त्यात कंबरडे मोडते. त्यामुळे प्रामाणिकपणे नोंदणी करणारा महाग पडतो आणि नोंदणीला हुलकावणी देणारा टपरीवर स्वस्त विकतो, असे विपरीत दृश्य दिसते. नियम फार झाले की निरीक्षकांचे राज्य येते, हा अनुभवही आपल्या देशाला नवा नाही. तथापि यावरचा उपाय सुरक्षिततेची कसोटी सैल करणे हा नव्हे. चाचणीचा खर्च लहानांना परवडेल असा करणे, औद्योगिक वसाहतींतून सामाईक प्रयोगशाळा उभारणे आणि कागदपत्रे कमी करून त्याऐवजी बाजारातील तपासणी वाढविणे, हा खरा मार्ग आहे. नियम पाळणाऱ्याला पुन्हा पुन्हा कागद मागावयाचे आणि न पाळणाऱ्याकडे फिरकावयाचेच नाही, हा प्रकार बंद झाला तर उद्योजकही नियमांचे स्वागत करतील.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंवरील सुरक्षिततेच्या सूचना आणि तक्रारीचा पत्ता, एवढा तरी मजकूर ज्या राज्यात विक्री होते तेथील भाषेत असणे बंधनकारक करावे. नियम केंद्राचे असले तरी त्यांची अंमलबजावणी राज्याच्या वैध मापन यंत्रणेकडे आहे. महाराष्ट्राने हा आग्रह दिल्लीत धरावयास हवा. खोक्यावर जागा नाही ही सबब आता चालणार नाही. २०२२ साली केंद्रानेच इलेक्ट्रॉनिक वस्तूंना काही माहिती क्यूआर कोडद्वारे देण्याची सवलत एका वर्षापुरती देऊन पाहिली होती. जी यंत्रयुक्ती उत्पादकाची जागा वाचविण्यासाठी वापरता येते, ती ग्राहकाला त्याच्या भाषेत माहिती देण्यासाठीही वापरता येईल. मात्र मुख्य इशारा छापीलच हवा; ज्याच्याजवळ साधा फोन आहे त्याने कोडचे काय करावे? दुसरी मागणी, ऑनलाइन विक्रीच्या पानावर किमतीच्या शेजारी नोंदणी क्रमांक असावा आणि त्यावर बोट ठेवताच ब्यूरोची नोंद उघडावी. तिसरी, बाजारातून उचललेल्या नमुन्यांचे निष्कर्ष, कोणता माल कोणत्या चाचणीत नापास झाला यासह, वेळोवेळी मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावेत. नापास झालेल्या मालाची बातमी ज्या दिवशी गावोगाव पोहोचेल, त्या दिवसापासून दुकानदार स्वतःच घाऊक व्यापाऱ्याला क्रमांक विचारू लागेल.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपण काय करावयाचे, हा प्रश्न मागे उरतोच. या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी परंपरा आहे. ग्राहक संरक्षणाचा कायदा देशात आला १९८६ साली. त्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या चळवळीने वजनात मारलेला काटा, भेसळ आणि मनमानी भाव यांच्याविरुद्ध शिक्षकांना, कारकुनांना व गृहिणींना उभे केले. तेव्हाचा काटा डोळ्यांना दिसत होता. आजची फसवणूक बंद डबीच्या आत, काही मिलिमीटरांच्या अंतरात दडलेली आहे. तिच्याविरुद्ध उभे राहावयाचे तर वाचावयास शिकले पाहिजे. शाळेत विज्ञानाच्या तासाला विद्युतप्रवाह शिकविताना शिक्षकांनी घरचा चार्जर वर्गात आणण्यास सांगावे आणि त्यावरील प्रत्येक चिन्हाचा अर्थ फळ्यावर लिहावा. यासाठी वेगळ्या अभ्यासक्रमाची आवश्यकता नाही. कार्यालयांतून संगणक, दिवे, यूपीएस यांची खरेदी होताना देयकाच्या कागदावर नोंदणी क्रमांक लिहून घेण्याचा आग्रह साधा लिपिकही धरू शकतो. आणि क्रमांक बनावट वाटला तर ब्यूरोकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करण्यास फार तर दहा मिनिटे लागतात.

टपरीवरील गरीब विक्रेता हा या गोष्टीतील खलनायक नव्हे. त्याला जो माल मिळतो तो तो विकतो, आणि शंभर रुपयांहून अधिक देण्याची ज्याची ऐपत नाही त्यालाच तो विकतो. सुरक्षित चार्जर ही पैसेवाल्यांची चैन ठरू नये, यासाठीच तर मानके सर्वांना सारखी असावी लागतात. उद्या चार्जर घ्यावयास गेल्यावर वाचकांनी खोके उलटे करून एवढेच विचारावे, ‘यावर नंबर कोठे आहे?’ विक्रेता प्रथम हसेल. दहावे गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारील तेव्हा तो घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन नंबर असलेला माल मागेल.